मध्ये फक्त समुद्र

आमच्या बेटावरच्या हवा मोजणाऱ्या केंद्राच्या प्रत्येक शोधनिबंधात एक वाक्य न चुकता येतं: ‘केंद्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये फक्त समुद्र आहे.’ बारा वर्षांपूर्वी केंद्राचे प्रमुख डॉक्टर प्यो जुनसॉप यांनी सोलमध्ये बसून, नकाशावर पट्टी ठेवून ते लिहिलं. ते त्यांना इतकं आवडलं की नंतर खिडकीबाहेर बघायची गरजच वाटली नाही. मी रोज बघते. मला समुद्राच्या आधी माझ्या आईचं पॉलिहाऊस दिसतं. केंद्रापासून एकशेचाळीस मीटर, वायव्येला, म्हणजे हिवाळ्यात वारा जिकडून येतो बरोब्बर तिकडे.

लपवाछपवी नको, आधीच सांगून टाकते. तीन हिवाळे आम्ही जो वायू मुख्य भूमीवरून, म्हणजे चीनवरून, आला म्हणून पेपरांत छापून आणला, त्यातला निम्म्याहून जास्त त्या पॉलिहाऊसमधून येत होता. आणि आत माझी एकाहत्तर वर्षांची आई बसून तो श्वासात घेत होती. आम्हाला मिळायचा तो चिमूटभर. ताट भरून वाढलेलं तिच्याच पुढ्यात होतं.

मी बू उन्सिल. इथलीच, दोलपो गावची. केंद्रात तंत्रज्ञ आहे. म्हणजे हवा मोजायची टाकी पुसायची, पंपाचा आवाज बदलला की कान टवकारायचे, दर अर्ध्या तासाला पडद्यावर येणारा आकडा तपासायचा, आणि सोलहून साहेब लोक आले की कॉफी करायची. शेवटच्या कामात माझी कधी चूक निघालेली नाही.

आमचा आकडा रेडॉनचा. हा वायू माती-खडकातून निघतो, समुद्रातून जवळजवळ निघतच नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चार दिवस व्हायच्या आत तो निम्मा संपतो. म्हणून एखाद्या हवेत तो भरपूर सापडला तर समजायचं, ही हवा नुकतीच कुठल्यातरी जमिनीवरून फिरून आलीय. नाही सापडला तर ती बरेच दिवस समुद्रावर होती. गावात परका माणूस आला की आमची म्हातारी माणसं त्याच्या बुटांचा चिखल बघून तो कुठून आला ते ओळखतात, तसंच हे. पद्धत सरळ आहे आणि खरीही आहे. अट एकच, चिखल आपल्याच अंगणातला नसावा.

साधारण दिवशी आमचा आकडा दोन-तीन असतो. वायव्येचा गार वारा सुटला की पाच-सहा होतो, कारण तिकडून हवा खरंच येते, ते काही खोटं नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून तो एकदम बारा, चौदा, सोळा व्हायला लागला आणि डॉक्टर प्यो यांचं नशीब फळफळलं. एवढा ताजा रेडॉन म्हणजे हवा फार वेगाने आली, असा हिशेब मांडून त्यांनी ‘अठरा तासांचा मार्ग’ शोधून काढला. तोवर सगळे समजत होते की दोन दिवस लागतात. डॉक्टरांनी ती अठरा तासांत आणून पोचवली. आमची बोटसुद्धा इतकी वेळेवर येत नाही. मग टीव्हीवाले आले. डॉक्टर टेकडीवर उभे राहिले, वाऱ्यावर केस उडू दिले आणि म्हणाले, "आपल्या बेटाची स्वतःची हवा निर्मळ आहे. घाण येते ती बाहेरून." हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? आमच्याकडे घसा खवखवला, गाडीवर धूळ बसली, संत्र्याला डाग पडला, तरी लोक समुद्राकडे बोट दाखवतात.

त्यातूनच इशाऱ्याची टूम निघाली. आकडा दहाच्या वर गेला की मी एका कागदावर ठरलेला मजकूर टाइप करायचा, शिक्का मारायचा आणि गावच्या सभाघरात पाठवायचा: ‘मुख्य भूमीवरून हवा आलेली आहे. वृद्धांनी आत थांबावं, दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात.’ तो आमचे सरपंच को बोंगसाम भोंग्यावरून वाचणार. सरपंच तरुणपणी लष्करात बिनतारी यंत्रावर होते. कागदावर आहे ते सगळं वाचायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, हे त्यांच्या अंगात तिथेच मुरलं. त्यामुळे ते तारीख वाचतात, जावक क्रमांक वाचतात, मजकूर वाचतात, फॅक्स नंबर वाचतात, आणि शेवटी ‘संकलन, बू उन्सिल’ हेही वाचतात. असं दोनदा. एकदा मी चुकून कागदाच्या तळाशी भाजीची यादी लिहिली होती. तीही सगळ्या गावाने ऐकली, आणि संध्याकाळपर्यंत तिघीजणी मला मुळे आणून देऊन गेल्या.

आता पॉलिहाऊसकडे वळते. तीन वर्षांपूर्वी आईच्या धाकट्या भावाने, माझ्या मान्सूमामाने, जवाच्या पडीक रानात ते उभं केलं, हल्लाबोंग संत्र्यांसाठी. डोक्यावर शेंडी असलेलं हे जाडजूड संत्रं दिसायला पैलवान, पण थंडीपुढे अगदी नाजूक. तेल जाळून त्याला ऊब देणं परवडत नाही. पण आमचं बेट म्हणजे ज्वालामुखीचा सांगाडा, आतून पोकळ आणि भेगाळलेला. तीस-चाळीस मीटर बोअर मारली की तिथली हवा भर हिवाळ्यातही कोमट लागते. वर पंखा बसवायचा आणि ती ओढून पॉलिहाऊसमध्ये सोडायची. बेटावर कितीतरी जण हे करतात. मामाचं बघून खालच्या उतारावर आणखी तिघांनी केलं. मामा त्याला ‘बेटाचा श्वास’ म्हणतो, आणि पाहुणा आला की त्याला बोअरच्या तोंडाशी वाकवून ती हवा चेहऱ्यावर घ्यायला लावतो.

थंडी वाढली की पंखे चालू. आणि थंडी वाढते कधी? वायव्येचा वारा सुटला की. म्हणजे पलीकडून हवा येणार आणि इकडे पंखे सुरू होणार, दोन्ही एकाच सकाळी. यात डॉक्टरांची फसगत झाली हे मी समजू शकते. माझी कशी झाली ते मला अजून समजत नाही. तो पंखा बसवताना शिडी धरून मीच उभी होते.

आईचा सगळा हिवाळा तिथेच जातो. पासष्टाव्या वर्षापर्यंत ती समुद्रात बुडी मारून शिंपले काढायची, एका दमात दोन मिनिटं पाण्याखाली. कान दुखायला लागले म्हणून पाणी सुटलं, नाहीतर फुप्फुसं अजून विशीतली आहेत, असं ती येईल-जाईल त्याला सांगते. पॉलिहाऊसच्या कोपऱ्यात तिने गादी, किटली आणि रेडिओ मांडलाय. घरापेक्षा तिथे ऊब आहे, वर पिकलेल्या संत्र्यांचा वास. भोंगा वाजला की ती दार लावून घेते, झरोके पाडते आणि पंखे वाढवते, बाहेरची घाण हवा आत शिरू नये म्हणून. मग आमचा आकडा आणखी चढतो. मग मी दुसरा इशारा टाइप करते.

हे सगळं मला कळलं जानेवारीतल्या एका सोमवारी. वारा वायव्येचा आणि जोरात, आकडा पंधरा. दहा वाजता गावाकडचा खांब बदलायला वीजवाल्यांनी लाईन बंद केली. केंद्राची लाईन वेगळी आहे. साडेदहाला आकडा सात झाला. अकराला पाच. वारा तोच, दिशा तीच, गारठाही तोच. मी पंप तपासला, नळी तपासली, टाकीला कान लावून बघितलं. यंत्र ठणठणीत होतं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, वीज कधी येणार? तुझ्या केंद्रातून कोणाला तरी विचार ना. तासभर पंखे बंद आहेत, झाडं गारठली माझी."

वीज एक वाजता आली. दीड वाजता आकडा चौदा. मी तक्ता बघितला, मग खिडकीबाहेर बघितलं. हजार किलोमीटर तुडवत आलेली हवा आमच्या गावच्या वायरमनला विचारून थांबते आणि त्याने बटण दाबलं की पुन्हा निघते, हे काही माझ्या पचनी पडेना.

मंगळवारी तालुक्याच्या कचेरीतून घरगुती रेडॉनमापक उसना आणला. हल्ली ते कोणालाही देतात, ओळखपत्र दाखवलं की झालं. राहत्या घरासाठी मर्यादा, आमच्याच मापात, एकशेअठ्ठेचाळीस. मी तो आईच्या गादीशेजारी रेडिओवर ठेवला, आणि तिने केलेलं, मुळ्याचं सारण भरलेलं धिरडं, गरम बिंगतोक, खात बसले. तासाभराने त्याच्यावर एक हजार नऊशे वीस आलं. हातातला तुकडा मी ताटलीत ठेवला. केंद्रात पंधरा झाले की आम्ही टीव्हीवर जातो. इथे एक हजार नऊशे वीस होते, आणि त्यात माझी आई पाय पसरून गाणी ऐकत होती.

"आई, ऊठ. बाहेर चल," मी म्हटलं.

"का? आग लागलीय कुठे?"

"इथली हवा वाईट आहे. खडकातला रेडॉन पंख्याबरोबर वर येतोय. फुप्फुसाचा कॅन्सर होतो त्याने."

"तो चीनवरून येतो," आई म्हणाली. "टीव्हीवर सांगितलंय. इथली हवा निर्मळ आहे, तेही सांगितलंय."

"टीव्हीवर चुकीचं सांगितलं."

"तुमच्याच डॉक्टरने सांगितलं ना?"

"त्यांना माहीत नव्हतं. मलाच काल कळलं."

आईने रेडिओचा आवाज जरासा कमी केला. तिच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत होती. "काल तुला वीज कधी येणार ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आज कॅन्सर कळायला लागला?"

"अगं, आकडा तर बघ."

"चाळीस वर्षं बुडी मारलीय मी. माझी फुप्फुसं मला कळतात, डबीला विचारायची गरज नाही. खा तू, गार होतंय."

मी मामाकडे गेले. तो कात्री घेऊन फांद्या छाटत होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "पंखे बंद केले तर दोन दिवसांत झाडं जातील. सातशे झाडं आहेत. आणि हवेत काही असतं, तर आधी संत्र्यांना झालं नसतं का?" संत्र्यांना फुप्फुसं नसतात, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, शिकलीस तेव्हापासून उलटच बोलतेस. सख्खी माणसं ऐकत नाहीत तेव्हा फार एकटं वाटतं, आणि आपण अगदी बरोबर असलो तर जास्तच.

बुधवारी सकाळी आकडा पुन्हा चौदावर गेला. नियमाप्रमाणे मी इशारा काढला, शिक्का मारला, सभाघरात पाठवला. मजकूर ठरलेलाच, बोटांना पाठ आहे. त्याच दुपारी डॉक्टर प्यो सोलहून विमानाने आले. शुक्रवारी तीन जणांची समिती येणार होती. ‘अठरा तासांचा मार्ग’ तिला पटला तर केंद्राला दुसरी, याच्या दुप्पट मोठी टाकी मिळणार होती आणि डॉक्टरांना तिच्याशेजारी फोटो काढून घेता येणार होता. मी कॉफी आणि सोमवारचा तक्ता, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, गावातली वीज गेली आणि आकडा पडला. इथे बघा. वीज आली, चढला."

"योगायोग, बूबाई," ते म्हणाले. "विज्ञानात एका दिवसाला अर्थ नसतो."

"अठरा तासांचा मार्ग तुम्ही पहिल्यांदा एका दिवसावरूनच काढला होतात."

"तो नमुनेदार दिवस होता."

"पॉलिहाऊसमध्ये एक हजार नऊशे वीस भरलं, साहेब."

"घरगुती यंत्र ना ते?" त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "तुमच्या बेटावर बरेच जण लावतात का असे पंखे?"

"बरेच."

"मग एक तळटीप टाकू त्यावर. पुढच्या वर्षी."

मला राग आला होता, पण मी आवाज चढवला नाही. आमच्या नोकरीत आवाज फक्त पंपाचा चढतो. "निबंध तुमचा तुमच्याकडे राहू द्या," मी म्हटलं. "फक्त इशारा बदला. पॉलिहाऊसमध्ये बसू नका, एवढं भोंग्यावर येऊ द्या. आत माझी आई असते. तिला तुमचं पटतं, माझं पटत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माणूस अगदीच दगड नाही. त्यांनी खरोखर विचार केला. "आईंचं वय काय?"

"एकाहत्तर."

"मग कशाला काळजी करता?" ते समजूत घालत म्हणाले. "रेडॉनचा परिणाम दिसायला वीसेक वर्षं लागतात."

हिशेब फारसा चुकीचा नव्हता. असं काही ऐकल्यावर माणसाला रडू यायला हवं. मला आलं नाही. मी त्यांचा कप उचलला, विसळला आणि पालथा घातला.

"आणि हो," ते मागून म्हणाले, "शुक्रवारी गारठा आहे म्हणतात. आकडा वर गेला की इशारा वेळेवर जाऊ द्या. समितीच्या कानावर पडला पाहिजे. गाव आपल्या आकड्यावर चालतं, हे त्यांना दिसू दे."

"जाईल," मी म्हटलं.

शुक्रवारी गारठा आला, अगदी डॉक्टरांना हवा तसा. समितीत दोन पुरुष होते, ते जेवायला कोळशावर मांस भाजणारं कुठलं हॉटेल ठरलंय याची आपसात चौकशी करत होते. तिसऱ्या प्राध्यापक मिन. साठीच्या, बुटक्या, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांनी आल्यापासून एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे कोट कुठे टांगायचा. डॉक्टरांनी पडद्यावर नकाशा लावला. नकाशावर एक लाल बाण होता, मुख्य भूमीपासून थेट आमच्या दारापर्यंत, वाटेत कुठे दम न खाता. "मध्ये फक्त समुद्र," डॉक्टर म्हणाले. साडेनऊला आकडा सोळा आला. डॉक्टरांचा चेहरा असा खुलला, जसं काही मुलीला बघायला आलेल्यांसमोर मुलगी वेळेवर चहा घेऊन आली.

"आली बघा," ते म्हणाले. "बूबाई, इशारा."

मी टाइप केला. या वेळी बोटांना पाठ नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. शिक्का मारला आणि सभाघरात पाठवला. पाच मिनिटांनी टेकडीवरचा भोंगा खाकरला. डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना शांत राहायची खूण केली.

"दिनांक चोवीस जानेवारी," सरपंचांचा आवाज आला. "जावक क्रमांक एकतीस. दोलपो ग्रामस्थांस कळवण्यात येते की, आज सकाळी साडेनऊ वाजता केंद्रात रेडॉनचा आकडा सोळा नोंदला गेला. हवा कुठून आली: यांग मान्सू यांच्या पॉलिहाऊसमधून. अंतर: एकशेचाळीस मीटर. प्रवासाला लागलेला वेळ: अर्धं मिनिट."

डॉक्टरांचा हात तसाच वर राहिला.

"पॉलिहाऊसच्या आत आकडा एक हजार नऊशे वीस. यांग चुन्ह्वा, वय एकाहत्तर, यांनी ताबडतोब बाहेर यावं. जमिनीखालची हवा ओढणारे पंखे ज्यांच्याकडे आहेत, त्यांपैकी कोणीही आत बसू नये. झरोके उघडावेत. गेल्या तीन हिवाळ्यांतले सर्व इशारे..." इथे सरपंच अडखळले. कागद चेहऱ्याजवळ नेल्याचा खरखराट झाला. पण लष्करात शिकलेलं वाया जात नाही. "सर्व इशारे चुकीचे होते." मग त्यांनी फॅक्स नंबर वाचला, माझं नाव वाचलं, आणि रिवाजाप्रमाणे सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दुसरं वाचन संपलं. मग प्राध्यापक मिन उठल्या, खिडकीशी गेल्या आणि बाहीने काचेवरचं धुकं पुसलं.

"डॉक्टर प्यो, ते काय आहे?"

"ते... पॉलिहाऊस आहे."

"निबंधात तर मध्ये फक्त समुद्र आहे."

"नकाशा थोडा जुना आहे," डॉक्टर म्हणाले.

"खिडकी तर जुनीच आहे ना?" साखर मागावी तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सोमवारचा काही तक्ता आहे का तुमच्याकडे? असणार. एवढं लिहिणारी बाई तक्त्याशिवाय लिहिणार नाही."

तक्ता माझ्या खिशातच होता. मी तो त्यांच्या हातात दिला, पण थांबले नाही, कारण खाली पॉलिहाऊसचं दार उघडलं होतं. फुलाफुलांची तुमान, रबरी बूट, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, आणि टेकडी चढण्याचा तो वेग. आई रागावली की तिचे गुडघे दुखत नाहीत. तिच्या मागे मामा पंखे बंद करून झरोके वर करत होता, आणि खालच्या उतारावरच्या तिन्ही पॉलिहाऊसमधून एकेक म्हातारी बाहेर येऊन वर बघत होती. मी पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. वारा असा होता की डोळे उघडे ठेवणं कठीण.

"अख्ख्या गावासमोर माझं नाव घेतलंस," आई म्हणाली. "वयसुद्धा सांगितलंस. वयाची काय गरज होती?"

"तू ऐकत नव्हतीस."

"म्हणून भोंगा लावायचा? आईला भोंग्यावरून बोलवायचं?"

"मग काय करू? मंगळवारी तुझ्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं मी. तेव्हा म्हणालीस, टीव्हीवर सांगितलंय. त्या डॉक्टरचं तुला पटतं. पोटच्या मुलीचं पटत नाही."

आईने रुमालाची गाठ घट्ट केली आणि माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघितलं. आत डॉक्टर प्यो तक्त्यावर बोट ठेवून काहीतरी समजावत होते. "तो केसवाला?" तिने विचारलं. "त्याचं मला नावसुद्धा माहीत नाही. टीव्हीवर माणसं काय वाटेल ते बोलतात. ते मी तुझं तोंड बंद करायला म्हटलं."

"मग इशारा झाला की दार लावून का बसायचीस?"

"शेवटी तुझं नाव यायचं म्हणून," आई म्हणाली.

मी पायरीवर खाली बसले.

"बोंगसाम ते एवढं लांबलचक वाचायचा. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही," ती म्हणाली. "मी आपली थांबायचे, शेवटी नाव येतंय का बघायला. नाव आलं की खालच्या बायकांनाही हाक मारायचे. आमच्या उन्सिलने काढलाय कागद, शिक्का मारलाय, चला गं आत."

"पण आई, मंगळवारी मी स्वतः येऊन सांगितलं होतं. बाहेर ये म्हणून."

"सांगितलंस ना. मी काय बहिरी आहे? वरून काही म्हटलं तरी डोक्यातून जाईना माझ्या. बुधवारी उठल्या उठल्या ठरवलं, आज घरी जाऊन बसायचं, पोरगी एवढं म्हणतेय. गादी गुंडाळली, बूट चढवले. आणि भोंगा वाजला." तिने सरपंचांची नक्कल केली नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वृद्धांनी आत थांबावं. संकलन, बू उन्सिल. मग मी बूट काढले."

बुधवारी न आलेलं रडू मला तेव्हा आलं. वाऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी येतंय असं म्हणायची सोय होती, पण ती मी घेतली नाही. तीन हिवाळे. दर हिवाळ्यात तीस-पस्तीस कागद, आणि प्रत्येकावर मी माझ्या हाताने शिक्का मारून तिला आत पाठवलं होतं. सांगून झाल्यावरसुद्धा एकदा.

आई पाठीवरून हात फिरवणाऱ्यातली नाही. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली, एकदा खोल श्वास घेतला, समुद्राकडे बघत तो कितीतरी वेळ धरून ठेवला, आणि सोडला. मागे दार उघडून प्राध्यापक मिन यांनी डोकं बाहेर काढलं. आकडा सोळावरून सातवर आलाय, एवढं सांगून त्या पुन्हा आत गेल्या.

"पुढचा कागद कधी काढायचाय?" आईने विचारलं.

"आता लगेच. सगळ्या बेटाला पाठवायचा आहे."

"मग ऊठ," ती म्हणाली. "आणि या वेळी वाचून मार शिक्का."